लाँच सुटायच्या आदी

आमच्या पनवेलच्या गल्लीत येणारी कोळीण मासळी दाखवण्याआधी बायकांना दाराआड नेऊन छाती तपासायची. तिची स्वतःची गाठ मुंबईच्या डॉक्टरांनी काढली होती. तेव्हापासून ती खिदळत सांगायची, "वयनी, आंगातली एक पेशी येडी होते, थांबायचं इसरते. एकीच्या दोन, दोनांच्या चार, समद्या तिच्यासारख्याच येड्या! मंग मोऱ्याच्या धक्क्यावरना मुंबईची लाँच पकरावी तशी रगतात बसून फुफ्फुसात उतरतान!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. एकदा मीही हसतच पुढे झाले. तिची बोटं एका जागी थबकली. "उद्याच मुंबई," एवढंच ती म्हणाली.

टाके काढून परतले, तर दारात तीच! "गावली गो, लाँच सुटायच्या आदी गावली!" डोक्यावर टोपली तशीच ठेवून ती भर गल्लीत नाचली. टाक्यांची जागा ठणकत होती, तरी मीही.