चिरलेली घंटा

"ऐकलं ना? मंग सांगा, काय ऐकलं?"

दवंडी संपली की आमच्या गावचे काका समोरच्या कुणाकडेही बोट करून हे विचारायचे. त्यांच्यावर लिहिण्याचं धाडस मी करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी जुळवतानाही हात अडखळतो. पण तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, तर माझं चुकलंमाकलं तुम्ही सांभाळून घ्याल.

काका पंचायतीचे शिपाई. हलगी त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला त्याच दिवशी खाली ठेवली होती, म्हणून काका शाळेची चिरलेली घंटा वाजवत. आमचं गाव सीमेवरचं, म्हणून दवंडी आधी मराठीत, मग तेलुगूत, मग गोंडीत. मग तो प्रश्न. उत्तर चुकलं की पुन्हा घंटा आणि पुन्हा पहिल्यापासून. लोक गल्लीबोळांतून सटकायचे. एकदा तर त्यांनी सरपंचालाच अडवलं.

"काका, मले काऊन अडवून राह्यले? दवंडी तं मीच सांगतली तुमाले!"

"मंग तं तुमाले आलीच पायजे. तुमालेच येत नसन, तं गावाले कशी येईन?"

सरपंचांनी मुकाट्याने लसीकरणाचा वार सांगितला. चुकीचा सांगितला. पुन्हा घंटा झाली.

मी सुट्टीत घरी होतो, तेव्हा नोटीस आली. जंगलातून मोठा रस्ता जाणार होता, त्याची जनसुनावणी होती. कागद इंग्रजीत. काकांनी तो माझ्यापुढे धरला. मी घडाघडा वाचला, जरा ऐटीतच.

"वा! मंग सांग, काय वाचलं?"

मी दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसलो, तेव्हा कुठे कळलं की रस्ता मोहाच्या राईतून आणि तिथल्या झऱ्यावरून जाणार आहे. जंगलातल्या गोंडांच्या चार गुड्यांचं, म्हणजे पाड्यांचं, पिण्याचं पाणी त्या एका झऱ्याचं.

"गावात दवंडी दिली की झालं," पंचायतीचा कारकून म्हणाला.

"झाडं गुड्यात अन् दवंडी चौकात?" म्हणत काकांनी चपला घातल्या. चारही गुडे पायी फिरून आले.

सुनावणीला शाळेचं मैदान भरलं. हैदराबादहून आलेले साहेब हिंदीत छान बोलले. मग एक गोंड आजी उठल्या. त्या गोंडीत बोलत होत्या, काका हिंदीत सांगत होते. रस्त्याला त्यांचा विरोध नव्हता. पण झरा सोडून न्या, एवढंच म्हणणं होतं. साहेब म्हणाले, "नोट कर लिया."

काका बसले नाहीत. "साब, आप बोले, हम सुने. अब अम्मा क्या बोली, वो आप बोलो."

साहेब हसले. "अम्मा को रोड मंज़ूर है."

टण्ण! काकांनी घंटा हाणली. आख्खं मैदान खदखदून हसलं. आजींनी पुन्हा सांगितलं, काकांनीही. दुसऱ्या खेपेला साहेबांच्या बोलण्यात मोहाची झाडं आली, झरा राहिला. पुन्हा टण्ण! तिसऱ्या खेपेला मात्र साहेबांनी सगळं बरोबर म्हटलं आणि घाम पुसत सोबतच्या लेखनिकाकडे पाहिलं. त्याने अहवाल घरूनच लिहून आणला होता. तो त्याने घडी घालून खिशात कोंबला आणि कोरा कागद काढला. लिहून झालेलं काकांनी लेखनिकाकडून वाचून घेतलं, तिन्ही भाषांत सांगितलं, मगच आजींनी अंगठा उठवला.

"साब पास," काका म्हणाले. साहेबांनीही टाळी वाजवली.

पुढे बरेच महिने काही कळलं नाही. मग निर्मल शहरातल्या माझ्या कॉलेजच्या होस्टेलवर पत्र आलं. बाबांनी गुरुजींकडून लिहून घेतलेलं. रस्ता आता झऱ्याला वळसा घालून जाणार, सरकारी कागद आला. त्याची दवंडी काकांनीच दिली, चारही गुड्यांवर जाऊन. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: त्याच आठवड्यात काका गेले.

"काय लिहिलंय घरून?" खोलीतल्या मित्राने विचारलं.

मी त्याला वळसा सांगितला, झरा सांगितला, साहेबांच्या तीन खेपा सांगितल्या. आम्ही पोट धरून हसलो. पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मला सांगता आलं नाही.

ते आज तुम्हाला सांगितलं.