बहुमताने बंद केलेली लिफ्ट

आमच्या इमारतीची लिफ्ट शुक्रवारी दुपारी चारला सुरू होते आणि सोमवारी सकाळी दहाला बंद. बाकीचे दिवस तिच्या दाराला साखळी आणि साखळीला कुलूप. कुलपाच्या वर प्लास्टिकच्या पाकिटात ठरावाची प्रत चिकटवलीय. खाली लिहिलंय, बहुमताने मंजूर. चार जिने चढायच्या आधी मला जरा उभं राहावंच लागतं, तेवढ्यात ती वाचून होते. आता पाठ झालीय मेली.

कुसगावातली ही इमारत. बत्तीस फ्लॅट आणि खाली रस्त्याकडे तोंड करून दोन दुकानं. त्यातले सव्वीस फ्लॅट मुंबई-पुण्याच्या लोकांचे. ते शनिवार-रविवारी येतात, काही तेही येत नाहीत, पाहुण्यांना भाड्याने देतात. बाराही महिने इथे राहणारी आम्ही सहा घरं. आमचे हे रेल्वेत होते, घाटातले रूळ सांभाळणाऱ्यांच्यात. मी लोणावळ्यातल्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. दोघं निवृत्त झालो आणि हा फ्लॅट घेतला. चौथा मजला हा माझा हट्ट. "लिफ्ट आहे की," असं मीच यांना म्हटलं होतं.

घर घेऊन तीन वर्षं झाली आणि यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय कामातून गेला. चौकोनी चौकटीची काठी धरून घरात हिंडायचे तेवढेच. त्यांच्या दिवसात एकच गोष्ट उरली होती. संध्याकाळी पाच वाजता लिफ्टने खाली जायचं, दहा पावलं टाकायची आणि किराणा दुकानाच्या मागच्या दारात स्टुलावर बसायचं. दिवेलागणीला वर. ते दोन तास म्हणजे त्यांचं जगणं होतं, बाकीचे बावीस तास त्या दोन तासांची वाट बघणं.

दुकानदार परंदवडीचा, मुसलमान, चाळिशीतला. धंद्यापायी बायकामुलांना घेऊन कुसगावात राहायला आलेला. यांना आबा म्हणायचा, मला मावशी. घाटात दरड कधी आली, कुठली गाडी किती लेट, परंदवडीत भात कसाय, असल्या गप्पांना दोघांना वेळ पुरायचा नाही. माझं भांडण फक्त विडीशी होतं. डॉक्टरांनी बंद केलेली विडी त्या मागच्या दारात मिळायची. मी तणतणत खाली गेले की हा हात जोडायचा. "मावशी, दोन झुरकं वो. मानूस तेवढ्यावर लय खुश ऱ्हातंय."

एका वर्षी जानेवारीत पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सोसायटीची सभा झाली. अध्यक्ष मुंबईचे गृहस्थ, आवाज मऊ, माणूस वाईट नाही. त्यांनी विषय काढला की दुकानाचं मागचं दार आपल्या आवारात उघडतं, ते बुजवावं. सुरक्षेचा प्रश्न आहे. "दुकानात कोण येतं, कोण जातं, कसले कसले लोक असतात," असं म्हणताना त्यांनी दुकानदाराकडे बघायचं टाळलं. मला कळलं. इतकी वर्षं वर्गात उभी राहून तोंडं वाचलीत मी, मला न कळायला काय झालं! पण त्याच सकाळी यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात दोन विड्या सापडल्या होत्या. माझं डोकं नुसतं भणभणत होतं. म्हटलं, बुजवा एकदाचं ते दार. आणि मी हात वर केला, तोही चांगला उंच. फ्लॅट माझ्या नावावर, म्हणून मत माझं. हे त्याच दारात स्टुलावर बसून बघत होते.

विरोधात एकच हात होता, दुकानदाराचा.

दुसऱ्या दिवशी गवंडी आले. विटांचे थर चढताना हे गॅलरीतून बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, विड्या आता पुढच्या दारानं येतील." हसले, आणि पुढे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मागचं दार गेलं म्हणजे आता फाटकातून बाहेर, उतारावरून रस्त्याला आणि वळसा घालून दुकानाच्या तोंडाशी. काठीवर ते जमणारं नव्हतं. चाकाची खुर्ची आणली आणि रोज मी ढकलत न्यायला लागले. दुकानदाराने पुढे स्टूल मांडलं, उन्हाला आडोसा म्हणून जुनी छत्री बांधली. मी तोंड पाडून त्याला सांगायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी. तुमचा येक हात नसता तरी भित झालीच असती." शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी सभा फोनवर झाली, प्रत्येकजण आपापल्या चौकोनात. विषय लिफ्टचा. लिफ्ट जुनी झालीय, दमट हवेने तिचे भाग गंजतात, आठवड्यात वापर जेमतेम सहा घरांचा. तर सोमवार सकाळ ते शुक्रवार दुपार ती बंद ठेवावी म्हणजे जास्त टिकेल. मी ओरडले, "अहो, माझा नवरा चालू शकत नाही!" कुणीच काही बोलेना. मग कुणीतरी सांगितलं, काकू, तुमचा माइक बंद आहे. चालू केला आणि परत सगळं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचंही सांगितलं, त्यांचे गुडघे, त्यांचं रक्ताच्या तपासणीला जाणं. सगळ्यांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून वाईट वाटलं, असं दोघं-तिघं म्हणालेही. आणि मत दिलं. बंद करायला एकवीस, विरोधात सात.

सात म्हणजे आमची सहा घरं आणि किराणा दुकान. दुकान तळमजल्यावर. त्याला लिफ्टशी काय देणंघेणं? पण सगळ्यात आधी जो हात वर झाला तो त्याचा होता. चौकोनात त्याच्या मागे बिस्किटांच्या बरण्या दिसत होत्या. 

नागरिकशास्त्राच्या तासाला मी वर्षानुवर्षं एक उत्तर लिहून द्यायचे: लोकशाही म्हणजे बहुमताने चालणारे राज्य. दोन गुण. अल्पमताचा मान राखणं वगैरे पुढचा भाग आला की मी म्हणायचे, हे वाचून ठेवा, परीक्षेला येत नाही. किती मुलांना मी हे शिकवलं! त्यांच्यातलंच कुणीतरी आज कुठल्या तरी सभेत हात मोजत असेल.

आता मी तो पुढचा भाग स्वतःसाठी लिहायला बसले. दोन मागण्या तयार केल्या. समितीत दोन जागा कायम राहणाऱ्यांच्या राखून ठेवा. आणि एखादी सोय बंद करायची तर ती जे रोज वापरतात त्यांच्यातल्याही निम्म्यांचा होकार घ्या. सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "काकू, म्हणजे सहा घरांनी सव्वीस घरांना अडवायचं? हा कुठला न्याय? आज तुम्हाला जागा दिल्या, उद्या कुत्रेवाले मागतील, परवा गाडीवाले." मी चिडले, पण खरं सांगते, सहा जणांनी सव्वीस जणांवर राज्य करावं असं मलाही वाटत नव्हतं. मला फक्त यांना पाच वाजता खाली न्यायचं होतं. निदान आजारी माणसासाठी अपवाद करा म्हटलं, तर म्हणाले, एकाला दिला की सगळ्यांना द्यावा लागेल.

मागण्या सभेपुढे आल्या. एकवीस विरुद्ध सात. सहकाराच्या कचेरीत अर्ज घेऊन गेले. तिथल्या माणसाने पाणी विचारलं, कागद नीट वाचले आणि म्हणाला, "बाई, सभेची नोटीस बरोबर, गणसंख्या बरोबर, मोजणी बरोबर. अर्ज ठेवून जा." सगळंच बरोबर होतं. चूक कुठे बोट ठेवून दाखवावी तर जागाच नाही. नुसता जळफळाट झाला माझा.

परत येताना दुकानात थांबले. तो तांदूळ मापत होता. म्हणाला, "आमच्या गावात आमची दोनच घरं, मावशी. पर जत्रंची तारीख धरायची, पान्याची पाळी ठरवायची, तर म्हातारी मानसं आदी आमच्या वट्यावर येऊन बसायची. इचारायची, तुमचं काय हाय का त्या दिशी? दोनच घरं, पर इचारल्याबिगर फुडं जायाची न्हाईत."

"मग आता?" मी विचारलं.

"आता तितंबी मोजत्यात," तो म्हणाला आणि तांदळाची पिशवी माझ्यापुढे सरकवली.

आठवड्यातल्या चार संध्याकाळी हे वर अडकले. शुक्रवार ते रविवार लिफ्ट चालू, पण पाहुण्यांच्या बॅगा, पोरांचा दंगा, दर फेरीला रांग. एकदा अर्धा तास खुर्चीत ताटकळले आणि म्हणाले, चल घरात. पुन्हा गेलेच नाहीत. सामानासाठी आम्ही गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचो. दुकानदार रस्त्यावरून आत यायचा, पिशवीत चहा-साखर ठेवायचा आणि मान वर करून चार गोष्टी ओरडून सांगायचा. हे वरून ओरडायचे. एकदा पिशवीत पुडीत गुंडाळलेली विडी निघाली. मी बघून न बघितल्यासारखं केलं, काडेपेटीसुद्धा मीच आणून दिली. महिनाभरात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: गॅलरीतून दोऱ्या सोडू नयेत, इमारतीची शोभा जाते. खाली सतरा अंगठे. यांनी दोरी गुंडाळून ठेवली. "राहू दे," म्हणाले. त्यानंतर पाच वाजले तरी ते घड्याळाकडे बघेनासे झाले. मी बघायचे.

ते गेले मंगळवारी, सकाळी, झोपेतच. मंगळवार म्हटल्यावर काय ते समजा. वॉचमनने सेक्रेटरींना फोन लावला. ते बिचारे कळवळून म्हणाले, "अरे, लगेच उघडा लिफ्ट, माणुसकी आहे की नाही!" पण मुख्य बटणाच्या खोलीची किल्ली त्यांच्याजवळ, आणि ते ठाण्यात. चादरीत बांधून चार जिने उतरवलं यांना. दुकानदार, त्याचे दोन मेव्हणे, वॉचमन आणि रेल्वेतले दोन जुने सोबती. जिन्याचं वळण अरुंद, प्रत्येक वळणावर यांना तिरकं करावं लागत होतं. "आबा, सावकाश, आबा, सावकाश," असं दुकानदार यांनाच सांगत होता. तिसऱ्या मजल्यावर आजी दार उघडून हात जोडून उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मलाही असंच नेतील गं."

खाली आल्यावर दुकानदार सवयीने मागच्या दाराकडे वळला. समोर भिंत. तो क्षणभर थांबला, मग सगळे वळसा घालून फाटकातून गेले. ती भिंत मी घातलीय. वीस-बावीस हातांत माझा एक, असं कितीही म्हटलं तरी मी घातलीय.

दोन महिन्यांनी वार्षिक सभा आली, फोनवरच. पहिला विषय दुखवट्याचा. अध्यक्षांनी यांच्याबद्दल चांगले शब्द काढले, रेल्वेतली सेवा, मनमिळाऊ स्वभाव. सगळे चौकोन एक मिनिट गप्प झाले. सेक्रेटरी म्हणाले, एकमताने मंजूर. यांच्या वाट्याला आलेला हा एकच एकमताचा ठराव.

दुसरा विषय, लिफ्टचं आहे तेच पुढे चालू ठेवणे. विरोध असणाऱ्यांनी हात वर करा. दुकानदाराचा हात वर गेला, मागे त्याच बरण्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी फोन वाकडा धरला होता, नुसतं कपाळ आणि वर केलेली बोटं दिसत होती. बाकीच्या चार घरांचे हात दिसले. मी बघत राहिले. मला वाटलं, आता कुणाला खाली न्यायचंय? माझं काय अडलंय? हात मांडीवरून उचलेचना.

"सहा," सेक्रेटरींनी मोजलं.

"मावशी," दुकानदाराचा आवाज आला, "हात."

मी दचकून हात वर केला. तोवर ते पुढच्या विषयावर गेले होते.