अण्णांच्या पात्रातलं सोनं

पेनांच्या निबांना सोन्याचा मुलामा द्यायचा, हा अण्णांचा धंदा. मुलाम्याच्या पात्रात कोणता क्षार टाकतात, याची त्यांनी आयुष्यभर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मग एका सकाळी अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि कारखाना सुनेच्या अंगावर आला.

पात्रातलं सोनं संपत आलं होतं. सोन्याचे क्षार दोन तऱ्हेचे. एकातल्या कणाला धातू व्हायला एक इलेक्ट्रॉन लागतो, दुसऱ्यातल्याला तीन. चुकीचा पडला की सगळं पात्र नासलं.

"अण्णा, एक की तीन?" ती विचारायची. अण्णा कधी एक बोट दाखवत, कधी पाच, आणि स्वतःवरच चिडून डोळे मिटून घेत.

"राहू दे गं, बंदच करू हे," नवरा म्हणाला.

"थांब जरा. कॉलेजात केलंय मी हे गणित."

दुपारी तिने तांब्याची पट्टी तोलून पात्रात सोडली आणि एक दशांश अँपिअर वीज सोळा मिनिटं चालू ठेवली. खिडकीतलं ऊन थेट पात्रात उतरलं होतं. पट्टीची लाली मावळली. दुधावर साय धरावी तसा पिवळा रंग धरू लागला. पंख्याची घरघर कुठे लांब गेली. तिला वाटलं, आपणही त्या कोमट पाण्यात तरंगतोय आणि न दिसणारे कण आपल्या अंगाला घासून सावकाश पट्टीकडे चाललेत. कुणालाच घाई नाही. गजर झाला तेव्हा ती दचकली.

पट्टी धुतली, वाळवली, पुन्हा तोलली. एवढ्या विजेत एक इलेक्ट्रॉनवालं सोनं सुमारे एकशे शहाण्णव मिलिग्रॅम बसलं असतं. तीनवालं त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे पासष्ट. पट्टीचं वजन चौसष्टने वाढलं होतं. उरलेली वीज बुडबुडे काढण्यात गेली असणार.

"अण्णा, तीन!" ती पट्टी घेऊन धावतच खाटेपाशी गेली.

चोरी पकडली गेल्यासारखा अण्णांचा अर्धा चेहरा हसला. त्यांनी पट्टी उजेडात धरली, कडेवर नख फिरवलं आणि नापसंतीने मान हलवली. कड कच्ची राहिली होती.

"वाचा गेली, पण खोट काढायची खोड काही जात नाही तुमची!" ती खळखळून हसली.

नवा क्षार आला, त्या दिवशी तिने अण्णांची खुर्ची पात्राशेजारी मांडली.