मामाचा उजवा कान

माझा मामा गाणी ऐकता ऐकता मेला नाही.

आज वर्ष झालं. वर्षभर मुकाट्याने ऐकून घेतलं, आता लिहिते.

दिल्लीत, करोल बागेत, भर सकाळी अकरा वाजता, रस्ता ओलांडताना त्याला टेम्पोने उडवलं.

तेराव्याला त्याच्याच हॉलमध्ये, त्याच्याच सोफ्यावर बसून एक काका म्हणाले, "यार, रिटायर्ड माणूस कानात वायर खुपसून रस्त्यावर फिरणार, तर दुसरं काय होणार?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सोसायटीच्या ग्रुपवर मामाचा फोटो, आणि खाली इयरफोनचे दुष्परिणाम. हात जोडलेल्या इमोजींसकट.

मीही तेच खरं मानलं. त्यामुळे पहिली शिवी मलाच.

तर ऐका.

मामा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होता. आयुष्य फायलींत गेलं, पण जीव अडकला होता एका जुन्या इंग्लिश बँडमध्ये.

बँडचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कमेंट्समध्ये तुमची टॉप फाइव्ह सुरू होतील, आणि आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

त्यांच्या जुन्या स्टीरिओ रेकॉर्ड्सवर बऱ्याचदा गाणं एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असायची. म्हणून मामाची एक पद्धत होती. कुठलंही गाणं दोनदा ऐकायचं. आधी फक्त डाव्या कानाने, मग फक्त उजव्या.

"घड्याळजी कसा घड्याळ खोलून बघतो? तसं गाणं खोलून बघायचं," म्हणायचा.

"त्यांना नवी गाणी कचरा वाटायची," असंही तेराव्याला कुणीतरी म्हणालं. साफ खोटं.

मी नोकरीसाठी गुडगावला आल्यापासून दर रविवारी मेट्रोने त्याच्याकडे जायचे. सोबत एक नवं पॉप गाणं. त्याच आठवड्यात आलेलं, ताजं. आणि मामा त्यात आपला बँड शोधायचा.

"हा बेस गिटारवाला ऐक, केतकी. नुसती साथ नाही करत, स्वतःची चाल गातोय. कुठून आलं हे?"

"शब्द आनंदाचे, पण खालचा कॉर्ड रडका. बिल्कुल त्यांचं काम!"

मी मुद्दाम काडी टाकायचे. "म्हणजे चोरलंच ना?"

"अगं, चोरायची ती चाल. ही पोरं काम शिकलीत. फरक आहे."

ज्यांची नावंही त्याला धड उच्चारता यायची नाहीत, त्या विशीतल्या पोरापोरींचं असं कौतुक करायचा, जणू घरातलंच कुणी बोर्डात आलंय. मामी आतून ओरडायची, "चलो, पोहे गार झाले!"

तो जाण्याच्या दोन महिने आधी मी एक गाणं नेलं. दोन मुली गातात. एक डावीकडे, आणि उजवीकडून दुसरी तिला उत्तर देते. मला वाटलं, मामा नाचेल.

त्याने डावा कान ऐकला. मग उजवा. मग म्हणाला, "उजवी बाजू रिकामी ठेवलीय. हिंमत आहे पोरींची."

"रिकामी कुठे? दुसरी मुलगी गातेय की तिथे!"

त्याने कानातून इयरफोन काढला, शर्टाला पुसला.

"अच्छा. मग माझंच लक्ष नसेल."

आयुष्यात कधी चूक कबूल न केलेला माणूस. आणि मी काय केलं? टाळी वाजवली. मामीला ओरडून सांगितलं. स्टोरी टाकली, "मामा हरला!" तुमच्यातल्या कितीतरी जणांनी हसून लाइक केली होती. आठवतंय?

पुढच्या रविवारपासून तो फक्त डाव्या कानाने ऐकायला लागला. "वेळ वाचतो," म्हणाला. मी त्यावरही हसले.

तो गेल्यावर टेम्पोवाला रडत रडत सांगत होता, "मैडम, तीन बार हॉर्न दिया. उन्होंने मुड़ के देखा ही नहीं।"

आपल्याकडे रस्त्यात पाऊल टाकलं की पहिली गाडी उजवीकडून येते.

त्याच्या वस्तू हॉस्पिटलने पिशवीत घालून दिल्या होत्या. ती पिशवी मामीला उघडवेना, मलाही उघडवेना. सहा महिन्यांनी उघडली. आत चष्म्याचं घर होतं. त्यात इयरफोन, नीट गुंडाळलेले, रबरबँड लावलेले.

कानात नव्हतेच ते. काका, वाचताय ना?

मामी आत गेली आणि कपाटातून एक कागद घेऊन आली. कानाच्या तपासणीचा रिपोर्ट. उजवा कान जवळजवळ बंद. तारीख त्या दोन मुलींच्या गाण्याच्याही आधीची.

"मला शपथ घातली होती गं," मामी म्हणाली. "केतकीला कळलं तर ती गाणी आणायची बंद करेल, म्हणाला. रविवारची यायची नाही."

मामा, गाढवा.

एवढीच ओळखलीस मला? मी काय गाणी पोचवायला यायचे? आणि जी बाई एका कानाचं गाणं दुसऱ्या कानाशी ताडून बघायला तुझ्याकडून शिकली, तिला समोर बसलेल्या माणसाचा कान गेलेला कळू नये? तुझाही राग येतो आणि माझाही. कुणाचा जास्त, ते रोज बदलतं.

या आठवड्यात त्याच दोन मुलींचं नवं गाणं आलंय. मी दोनदा ऐकलं, तुझ्या पद्धतीने. डावीकडे तुझ्या बँडसारखा गाणारा बेस आहे. उजवीकडे टाळ्या आहेत, आणि अगदी शेवटी दुसरी मुलगी हलकेच हसते.

तुला ते ऐकू आलं नसतं. मी सांगितलं असतं. दर रविवारी, प्रत्येक गाण्याची उजवी बाजू सांगितली असती.

आणि रस्ता ओलांडताना तुझ्या उजव्या हाताला मी चालले असते.

रागासकट श्रद्धांजली, मामा.