थांबवण्याचं काम कुणाचं

आमच्या बडोद्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे जायची असली की दुपारी रावपुऱ्यातून सेव-उसळ येते. ही प्रथा कुणी पाडली ते आठवत नाही, पण तिचा तोटा मला फार उशिरा कळला. उसळ आली की काम झालं, असंच सगळे धरून चालतात. रश्श्यावर शेव पडलेली असताना 'थांबा, अजून जाऊ देऊ नका' म्हणायला जीभ रेटत नाही. आधी जेवणावळ आणि मग लग्न, असा हा प्रकार. पाहुणे ढेकर देत असताना मुलगी पसंत नाही म्हणून कोण सांगणार?

आमचं सॉफ्टवेअर कारखान्यांच्या वजनकाट्यावर चालतं. टँकर रिकामा येतो तेव्हा एक वजन, भरून निघतो तेव्हा दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे माल. मी तपासणीच्या टीमची प्रमुख. लिहिणारे लिहितात, आम्ही चुका शोधतो, आणि डिलिव्हरीचा प्रमुख ते वेळेवर पोचवतो. तो माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच बडोद्याचा मराठी. त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आणि हुकूम सोडायची खोड घराण्यात अजून शाबूत आहे, असं मी त्याला तोंडावर म्हणते. तो हसतो आणि पुढचा हुकूम सोडतो.

माझ्या टीममध्ये एक बाई नवीन लागली. गोत्रीला राहणारी, गुजराती, मुलं हाताशी येईपर्यंत घरी थांबलेली आणि चाळिशीत पुन्हा कामाला आलेली. नोकरी आधी कच्ची, काम पाहून मग पक्की व्हायची होती. ती गुजरातीत बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींपैकी कुणालाच त्यात काही वेगळं वाटायचं नाही. नवऱ्याचा धंदा बसला होता. ही नोकरी गेली तर या वयात दुसरी मिळणं कठीण, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

एका शुक्रवारी उसळ आली आणि ती जागेवरून उठलीच नाही. एकामागोमाग दोन टँकर काट्यावर घेतले तेव्हा पहिल्याचं वजन दुसऱ्याच्या नावावर पडलेलं तिनं पाहिलं होतं. तेही एकदाच. पुन्हा करून दाखव म्हटलं तर होईना. आम्ही सगळे तिच्यामागे उभे राहून बघत होतो आणि आकडे अगदी शहाण्यासारखे बरोबर येत होते. डिलिव्हरीचा प्रमुख म्हणाला, आता पाठवू या. ती मान वर न करता म्हणाली, "हजी मन मानतुं नथी."

मी तिच्या बाजूनं बोलले आणि आवृत्ती थांबली. शोधून शोधून सगळे थकले, चूक काही सापडली नाही. ग्राहकानं फोनवर डिलिव्हरीच्या प्रमुखाची यथेच्छ हजामत केली. पुढच्या आठवड्यात तीच आवृत्ती जशीच्या तशी गेली आणि मुकाट्यानं चालली. मग ती चुकली होती का? मला आजही सांगता येत नाही.

त्याच सुमारास वरून फर्मान आलं की प्रत्येक पदाच्या कामाची व्याख्या लिहा. एका मोठ्या परदेशी ग्राहकाला ती हवी होती: चूक कुणी शोधायची, दर्जाची हमी कुणी द्यायची, सोडायचं की थांबवायचं हे कुणी ठरवायचं. आमच्यात हे आजवर कुणी ठरवलंच नव्हतं. ज्याला घोर लागायचा तो बोलायचा, बाकीचे कुरकुरत ऐकायचे. तपासणाऱ्यांची व्याख्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि डिलिव्हरीचा प्रमुख शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याचं म्हणणं सरळ होतं. तपासणाऱ्यानं चूक शोधून नोंदवायची, पुढचं डिलिव्हरी बघेल. आणि हे ज्या बाईला जमत नाही तिची नोकरी पक्की करू नये.

"तिनं एमनेम, उगीचच थांबवलं," तो म्हणाला. "चूक दाखव, मी स्वतः थांबवतो. मन मानत नाही हे काय कारण झालं?"

मला राग आला. पण शिव्या त्यानं खाल्ल्या होत्या, तिनं नव्हे, हेही खरंच होतं. मी त्याला विचारलं, घरात गॅसचा वास आला तर तू आधी बटण बंद करतोस की गळती दाखवा म्हणतोस? चूक शोधणं मी कुणालाही शिकवू शकते. पण पडद्यावर सगळं बरोबर दिसत असताना ज्याला खटकतं, असा माणूस मला शिकवून तयार करता येत नाही. तो मिळाला तर जपावा लागतो. मला ती बाई हवी होती, आणि तिचं ते खटकणंही हवं होतं.

बराच वाद झाल्यावर मी लिहिलं, 'समाधान नसेल तर तपासणारा आवृत्ती थांबवू शकतो.' त्यानं पुढे जोडलं, 'लेखी कारण देऊन.' मला ते निरुपद्रवी वाटलं. त्याच बैठकीत त्यानं तिच्या पक्क्या नोकरीला होकार दिला. दुसऱ्या दिवशी तिनं घरून सुखडी करून आणली आणि सगळ्यांत मोठी वडी त्याच्या टेबलावर ठेवली.

मागच्या महिन्यात नंदेसरीच्या एका कारखान्यासाठी आवृत्ती तयार झाली. व्याख्येप्रमाणे तिला विचारलं गेलं. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग हो म्हणाली. संध्याकाळी आम्ही पार्किंगमध्ये बरोबरच उतरलो. मी सहज विचारलं, सगळं ठीक ना? ती स्कूटरची किल्ली हातात फिरवत राहिली. एका ठिकाणी वजन यायला क्षणभर उशीर झाल्यासारखं तिला वाटलं होतं. मग बोलली का नाहीस?

"लखवा जेवुं कारण नहोतुं," ती म्हणाली.

लिहिण्याजोगं कारण नव्हतं. तिची नोकरी वाचवताना जे वाचवायचं होतं तेच आम्ही त्या तीन शब्दांत बंद करून टाकलं होतं. सकाळी ती आवृत्ती काट्यावर चढणार होती. मी तिथंच डिलिव्हरीच्या प्रमुखाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. म्हटलं, उद्याचं थांबव. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं की कारण नाही, लेखी तर नाहीच. मग तो थकल्या आवाजात म्हणाला, "आणि सकाळी ग्राहकाचा फोन कोण घेणार?"

मी तोंड उघडायच्या आत ती फोनजवळ वाकली.

"हुं लईश, भाई," ती म्हणाली, आणि हेल्मेट स्कूटरवर ठेवून पुन्हा जिना चढायला लागली.