पाहणीपुरता रस्ता

मुकादम निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्याला मुकादमच म्हणत. बायकोसुद्धा खुशीत असली की ‘अहो मुकादम’ म्हणायची, आणि बिनसलेलं असलं की नुसतंच ‘अहो’. रस्त्याच्या गँगवर लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं आणि घरी बसला तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मधल्या काळात त्याने नाव कमावलं ते एकाच गोष्टीत, पाहणीत. साहेब रस्ता बघायला येणार म्हटलं की मुकादमाच्या अंगात यायचं. कडेचं गवत साफ, खड्ड्यांत मुरूम, त्यावर पाणी मारून धुमसाने चोपणी, आणि दोन्ही कडांना चुन्याची सरळ रेघ. साहेबांच्या गाडीला हिसका बसला तर तो आपल्याच थोबाडीत बसला, असं त्याला वाटे. साहेबांची पाठ वळली की मुरूम उडून जाई आणि लोक पुन्हा खड्ड्यांतून आपटत जात, पण त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. लोक नुसते चालतात, साहेब बघतात, आणि नोकरी टिकते ती बघणाऱ्यावर, हे तो पहिल्याच वर्षी शिकून चुकला होता.

मुलगी शिकली, इंजिनियर झाली आणि गावच्याच नगरपालिकेत लागली. मुकादमाला आभाळ ठेंगणं झालं. आपली पोर आता साहेब, हे तो वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून आला.

ते राहत त्या वसाहतीतून गावात जायला एकच रस्ता होता. एका अंगाला खडी फोडणाऱ्या कारखान्याची भिंत, दुसऱ्या अंगाला उघडं गटार, आणि मधून दिवसभर डंपर. चालणाऱ्याने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, सायकलवाल्याने उतरून देवाचं नाव घ्यायचं. मुकादमाची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. ती रोज हा रस्ता जीव मुठीत धरून तुडवायची आणि घरी आल्यावर आज कुठला डंपर किती जवळून गेला ते हसत हसत सांगायची. मुलगी हसत नसे.

सरकार दरवर्षी पदपथ आणि सायकलमार्गांसाठी अनुदान द्यायचं, पण ते सरसकट नव्हतं. गावांनी अर्ज करायचे, कमिटीने येऊन रस्ते बघायचे, मार्क द्यायचे आणि वरच्या नंबरांना पैसे. मुलीने त्या अर्जापायी जेवणाखाण्याची शुद्ध ठेवली नाही. ऑफिसात सगळे म्हणत, बाई फार मन लावून काम करतात. कोणासाठी करते, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, उद्या सकाळी कमिटी येतेय. आपला रस्ता बघायला.”

मुकादमाचा घास हातातच राहिला. “किती जण?”

“तिघं. आणि तुम्ही काही करायला जाऊ नका हं. रस्ता आहे तसाच दिसू दे त्यांना.”

मुकादम मिशीतल्या मिशीत हसला. उभ्या नोकरीत एकही पाहणी अशी झाली नव्हती की जिच्या आदल्या दिवशी ‘साहेब म्हणतात, खास काही करू नका’ असा निरोप आला नाही. ज्या मुकादमांनी तो निरोप खरा मानला, त्यांच्या बदल्या झाल्या. पोरगी साहेबासारखं बोलायला लागली, याचंच त्याला कौतुक वाटलं. “बरं,” एवढंच तो म्हणाला.

पहाटे त्याने जुन्या गँगमधले हयात होते तेवढे गडी गोळा केले. गुडघे कुरकुरत होते, पण हात विसरले नव्हते. गटारावर फळ्या पडल्या, त्यावर मुरूम पडला, धुमस चालली, चुन्याची रेघ अशी आली की बघत राहावं. कारखान्याच्या मॅनेजरला जाऊन त्याने गळ घातली, कमिटी जाईपर्यंत तेवढे डंपर थांबवा. त्याने मुकादमाचा मान ठेवला. बायको कामावर निघाली ती त्या ताज्या कडेवरून, हात हलवत. “अहो मुकादम,” ती म्हणाली, “असा रोज असता तर काय हवं होतं!”

कमिटी आली. अध्यक्षबाई गाडीतून उतरल्या आणि आरामात चालायला लागल्या. बाकीचे दोघे मागून गप्पा मारत. मुलगी गाडीतून उतरली आणि जागच्या जागी थिजली. मुकादम कडेला धुतलेला सदरा घालून उभा होता. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला त्याला दिसला, पण त्याने ते कामाच्या ताणावर घातलं.

“छान ठेवलाय की रस्ता,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “चालायला जागाही आहे.”

“मॅडम, हा रोज असा नसतो. इथे सारखे डंपर असतात, चालताच येत नाही,” मुलगी पुढे होऊन म्हणाली.

“अहो, जाऊ तिथे हेच ऐकतो आम्ही,” बाई हसल्या. “जे दिसतं त्यालाच मार्क द्यावे लागतात.”

अनुदान दुसऱ्याच गावाला गेलं. त्या गावाने पाहणीच्या वेळेला शाळेची सगळी पोरं रस्त्याच्या कडेने चालवली होती. यालाही डोकं लागतं, नाही कसं म्हणावं!

निकाल आला त्या संध्याकाळी मुलगी बापाजवळ येऊन बसली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. “बाबा, मार्क वाईट रस्त्याला होते. जेवढा धोका जास्त, तेवढे मार्क जास्त. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“सांगितलं होतंस,” मुकादम म्हणाला. “पण तसं सगळेच सांगतात गं.”

तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “आईला यातलं काही बोलू नका. ती शेजारीपाजारी तुमचं कौतुक करत सुटलीय.”

मुरूम नेहमी जायचा तसा वाहून गेला. फळ्या कोणीतरी चुलीसाठी उचलून नेल्या. आणि एका सकाळी डंपर अंगावर येतोय बघून मुकादमाच्या बायकोने बाजूला उडी घेतली ती थेट गटारात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. आता ती वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जाते आणि तिथे दम खाते. धुलाईघराचं काम सुटलं. हसत हसत सांगण्यासारखं तिच्याकडे काही राहिलं नाही.

पुढच्या वर्षी मुलीने पुन्हा अर्ज भरला. या खेपेला अर्जातल्या अपघातांच्या रकान्यात लिहायला काहीतरी होतं. “यंदा आपले मार्क वाढलेत बाबा,” ती म्हणाली. असं बोलणं तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. कमिटी आली त्या सकाळी तो दार लावून घरात बसून राहिला. बाहेर डंपर धडधडत होते.

मंजुरी आली. मुलीने घरात येऊन सांगितलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. बायको पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला.

“बघा, शेवटी झालं की नाही!” ती म्हणाली. “पण मागच्या खेपेला तुम्ही एवढा आरशासारखा रस्ता करून दिला होता, तेव्हा नाही त्या मेल्यांना पाझर फुटला. तुमचे कष्ट दिसले नाहीत? डोळे फुटले होते का त्यांचे?”

मुकादमाने तिच्या पाठीमागची उशी नीट केली. “हो,” तो म्हणाला, “फुटलेच असतील.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आता पोरीने बाहेर यावं आणि एकदाचं सगळं सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. पण ती आली नाही. थोड्या वेळाने भांडी पुन्हा वाजायला लागली.