पाहुण्यासाठी सारवलेलं खळं

आमच्या कोळीवाड्यामागे एक मोठं खळं होतं. अंधेरीच्या पश्चिमेला, रस्ते संपून वाळू सुरू व्हायची तिथे. दिवाळीच्या आगेमागे सुरू करून मेअखेरपर्यंत त्या खळ्यावर मासळी सुकायची. बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या, त्यांना आम्ही वलांड्या म्हणतो, आणि त्यांच्यावर बोंबील टांगायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरायचा. माझे वडील होडी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. त्यानंतर आईनं आम्हा दोघी बहिणींना या खळ्यावर वाढवलं. मी शिकून शाळेत बाई झाले ती त्या सुक्या बोंबलांवर. कुणाला ऐकायला कसंतरी वाटत असेल तर वाटू दे.

ऐंशी सालानंतर आमच्या बाजूला शहर नुसतं सुटलं होतं. खाडीत भराव टाकायचे, की लगेच वर चार मजले उभे. त्या मजल्यांवर राहायला आलेल्या लोकांना समुद्र पाहिजे होता, ताजं पापलेट पाहिजे होतं, पण पापलेट आणणारी माणसं खिडकीखाली नको होती. वास येतो म्हणून ते तक्रार करायचे. दोन-तीन वेळा त्यांच्यातल्या बायका नाकाला रुमाल लावून आमच्या वाड्यात येऊन बोलूनही गेल्या. खळं आधीचं की तुमची खिडकी आधीची, असं मी एकीला तोंडावर विचारलं होतं. आईला ते आवडलं नाही. ती म्हणाली, "दारात आलेल्या बाईला असा बोलतात काय गो?" आणि त्या बाईला तिनं पाणी दिलं. त्या बाईनं ते घेतलं नाही.

मग शहराचा नवा आराखडा आला. वॉर्ड ऑफिसात भिंतीला नकाशा लावलेला होता आणि ज्याला हरकत असेल त्यानं लिहून द्यावं असं सांगितलं होतं. वाड्यातल्या बायकांनी मला पुढे घातलं, कारण मला वाचता येत होतं. नकाशात आमची घरं बोटभर जागेत पिवळी होती आणि त्यांच्या मागे एक सुंदर हिरवा चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, उद्यान. मी दोनदा वाचलं. खळं कुठेच नव्हतं. टेबलामागच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, मोजणीला माणूस गेला तेव्हा तिथं काहीच नव्हतं." नसणारच. तो गेला होता पावसाळ्यात. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, वलांड्या काढून ठेवलेल्या असतात, खळ्यावर गवत उगवतं. आता हे त्या कागदवाल्यांना कुणी सांगायचं?

मी सांगितलं. लिहून दिलं, वाड्यातल्या बायकांचे अंगठे घेतले, सुनावणीला उभी राहिले. शहराला बाग नको असं मी म्हटलं नाही. बाग पाहिजेच. माझ्या वर्गातली पोरं गटारावर खेळतात, मला कळत नाही का? पण एकाच्या पोटावर पाय देऊन दुसऱ्याला हवा खायला बाग करायची, याला विकास म्हणायचं असेल तर कपाळ माझं. सुनावणीतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी स्वतः येऊन जागा बघतो. मासळी सुकत असेल तर तसं लिहीन." मी हवेत तरंगत घरी आले. वलांड्या बोंबलांनी भरलेल्या होत्या. नुसतं येऊन बघायचं, बस, एवढंच तर पाहिजे होतं.

साहेब जागा बघायला येणार, एवढंच मी वाड्यात सांगितलं होतं. त्या दिवशी मी शाळेतून सुट्टी घेतली. त्यांना गल्ल्या कळणार नाहीत म्हणून सकाळीच नाक्यावर जाऊन उभी राहिले. जीप यायला उशीर झाला, ऊन चढलं, माझ्या पायांची वाट लागली. शेवटी जीप आली. साहेब वयानं फार मोठे नव्हते, बोलायला चांगले होते. त्यांनी मला मागे बसायला जागा करून दिली. रस्ताभर मी बोलत होते. दोन रांगांमधून चालता येणार नाही इतके बोंबील टांगलेत, जवळा बघाल तर जमिनीवर गुलाबी चादर अंथरल्यासारखा, वर्षभर या गावाचं घर यावर चालतं. साहेब मान हलवत होते. म्हणाले, "चला, बघूच."

शेवटच्या घराला वळसा घातला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

खळ्यावर एक बोंबील नव्हता. एक बांबू नव्हता. सगळी जमीन शेणानं ताजी सारवली होती, मधोमध एवढी मोठी रांगोळी काढली होती. देवळातल्या खुर्च्या आणून मांडल्या होत्या, त्यांच्यावर चादरी घातल्या होत्या. बायका नवी लुगडी नेसून, केसांत अबोली माळून ओळीनं उभ्या होत्या आणि माझी आई सगळ्यांच्या पुढे, हातात ओवाळायचं ताट घेऊन.

मी जीपमधून उतरले. मग मी तिच्या कानाशी गेले आणि दातओठ खात विचारलं, "आये, मासळी कुठाय?"

ती हळूच म्हणाली, "घरात नेऊन ठेवली. तू गेल्यापासून लागलोय सगळ्या. इतका मोठा माणूस यायचा, त्याला काय वासात उभा करायचा? नाकाला रुमाल लावला असता तर आपला बोलणा ऐकला असता काय त्यानं?"

तिच्या जागी ती बरोबर होती. आमच्यात पाहुणा यायचा म्हणजे आधी टोपल्या आत जातात, अंगण सारवलं जातं, मग पाहुणा. तो मोठा असेल तर जास्तच. नाकाला लावलेले ते रुमाल आई विसरली नव्हती. मला रागही आला होता आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून रडूही येत होतं. कुणावर रागवायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याच्याहून वेगळं काय असतं?

साहेबांना ओवाळलं. ते अवघडून खुर्चीवर बसले, सोडा प्यायले, चारी बाजूंना बघितलं. नकाशाची गुंडाळी मांडीवर उघडली आणि अगदी मनापासून म्हणाले, "जागा फार छान ठेवलीय हो तुम्ही. मोकळी, स्वच्छ. बाग झाली तर तुमचीच मुलं खेळतील."

आई हसली. तिला वाटलं, कौतुक झालं.

मग मी तिला सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं की साहेबांना जागा रिकामी दिसली, आणि रिकामी दिसली म्हणजे ती गेली. तिचं हसू तसंच थोडा वेळ तोंडावर राहिलं. मग तिनं ताट खाली ठेवलं आणि पळत सुटली. तिच्या मागून बाकीच्या बायका. घराघरांतून टोपल्या बाहेर आल्या. अर्धे सुकलेले बोंबील एकावर एक दडपून ठेवल्यानं ओले, चिकट झाले होते. बांबू रोवायला वेळ कुठला? आईनं नव्या लुगड्यानिशी खाली बसून रांगोळीवरच बोंबील पसरायला सुरुवात केली. "बघा साहेब, हे बघा, हे रोज असतात, खोटा नाय बोलत, दर्याची शपथ." दुसरी एक म्हातारी साहेबांच्या पायाशी टोपली ओतत होती. वास सुटला. साहेबांनी खिशातला रुमाल काढला, पण नाकाला लावला नाही, हातात धरून ठेवला. हे मला त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमचं खरं असेल. पण मी आलो तेव्हा काय होतं ते मला लिहावं लागतं. हे आता दाखवायला आणलं, असंच सगळे म्हणतील." मी हात जोडले. आठवड्यानं या, न सांगता या, म्हटलं. ते म्हणाले, त्यांच्या अजून कितीतरी जागा बघायच्या राहिल्यात, मुदत संपत आलीय. जीप गेली. मी पुढे त्या ऑफिसात किती खेटे घातले ते सांगण्यात अर्थ नाही. दर वेळी एकच उत्तर, पाहणी झालेली आहे.

आईनं मला कधी विचारलं नाही की आता काय करायचं. मलाच रोज विचारावंसं वाटायचं, की बये, तू अशी गप्प का आहेस, मला शिव्या दे, त्या साहेबाला दे, कुणाला तरी दे. पुढच्या हंगामात खळ्याला तारांचं कुंपण पडलं. बाग काही लगेच आली नाही. आधी कुंपण आलं, मग पाटी, मग नुसतं गवत. आईनं बोंबील रस्त्याच्या कडेला टांगून बघितले, गाड्यांची धूळ बसली. घराच्या पत्र्यावर पसरले, कावळ्यांनी नेले. मग एके दिवशी तिनं दोऱ्या सोडवल्या, गुंडाळल्या आणि शेजारणीला होडीच्या कामाला देऊन टाकल्या.

पावसाळा तोंडावर आला तशी घरोघरी बेगमीची धांदल सुरू झाली. एका दुपारी आई पिशवी घेऊन बाजारात गेली. मला वाटलं कांदे, लसूण आणायला. परत आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. मी पिशवी उघडली. आत वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील होते. माझ्या आईनं जन्मात पहिल्यांदा ते विकत आणले होते.